काठवालीची कुंडी

आनंदीबाईंच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या सकाळी शरद मोगलसराईहून आला, तो मूल कडेवर घ्यावं तशी मातीची कुंडी घेऊन. बनारसच्या अमृतराव घाटावरच्या गल्लीतला तो अंधारा जिना चढून धापा टाकत तो सज्ज्यात पोचला, कुंडी खाली ठेवली आणि आईच्या कुंडीकडे बघत तसाच उभा राहिला. चपला काढायच्याही राहून गेल्या, आणि टोकेकरांच्या घरात ती साधी गोष्ट नव्हती.

आईची काठवाली मरायला टेकली होती. वर्षापूर्वी पुरुषभर उंच असलेलं ते झाड आता सज्ज्याच्या जाळीला टेकून उभं होतं. पट्ट्यासारखी लांब पानं, एकेकाळी वांग्याच्या सालीसारखी काळसर जांभळी आणि कडेनं गुलाबी, आता पिवळी पडून खाली लोंबत होती. बागवाले त्याला ड्रेसिना म्हणत. पण स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी छावणीतला एक बंगला रिकामा होत होता, तेव्हा तिथल्या माळ्यानं हातभर दांडका आनंदीबाईंच्या हाती दिला, आणि पहिलं पान उलगडलं तेव्हा त्या म्हणाल्या, हिला तर शालूसारखा काठ आहे. तेव्हापासून ती काठवाली. घरातलं लेकरू घर सोडून जाताना त्या याच झाडाचा वीतभर दांडा कापून बरोबर देत. इंदू लग्न होऊन रामनगरला गेली तेव्हा तिला मिळाला. शरदला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा त्यालाही मिळाला. थोरला नीलकंठ घरातच राहिला, म्हणून त्याला नाही. आणि त्याची बायको लतिका सांगलीहून या घरात आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, जिला झाडापाशीच राहायचं तिला दांडा कशाला.

यंदा अण्णांनी, म्हणजे नरहर टोकेकरांनी, दोघांना पत्रं घातली होती: येताना आपापली काठवाली घेऊन या, तिला ती तिन्ही एकत्र बघायला आवडलं असतं. इंदू काल संध्याकाळीच होडीनं आपली कुंडी घेऊन आली होती. लाल, तुकतुकीत, कुणाचीही दृष्ट लागेल अशी. शरदची मात्र नुसती हिरवी. हे हिरवेपण गेली सहा वर्षं त्याच्या मनात सलत होतं. दादाकडे रंगीत, इंदूकडे रंगीत, आणि धाकट्याला आईनं काय दिलं, तर केळीच्या पानासारखं साधं पान. तो हे कुणाला बोलला नव्हता. त्याची बायको बोलली होती, आणि एकदाच नव्हे.

"वहिनी, हे झालं कसं?" शरदनं विचारलं.

लतिका स्वयंपाकघराच्या दारात उद्याची डाळ निवडत होती. तिनं सांगितलं की सासूबाईंनी शिकवलं तसंच ती करत आली: बोट मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पण गेलं वर्षभर माती कोरडी अशी कधी सापडलीच नाही, म्हणून तिनं पाणी दिलंच नाही म्हटलं तरी चालेल.

पाणी दिलंच नाही, एवढंच शरदच्या कानात शिरलं. मग त्याला दिवाळीची आठवण झाली. दिवाळीला तो आला होता तेव्हा वहिनी आईच्या या कुंडीत राख आणि हळद टाकताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लतिका म्हणाली, मुंग्या झाल्या होत्या. शरद हसला. गमल्यात मुंग्या, तेही दिवाळीत. बनारसमध्ये माकडं होतात वहिनी, म्हणाला, मुंग्या हलवायाच्या दुकानात होतात.

यावर लतिकाला बोलता आलं असतं, पण पुढचं वाक्य काय येणार हे तिला ठाऊक होतं. ते वाक्य गेलं वर्षभर या घरात न बोलता फिरत होतं. सासूबाई अंथरुणाला खिळायच्या आधीचा महिना. रोज दुपारी माणसं जेवून लवंडली की त्या 'जरा अहिल्याबाई घाटावर पुराणाला जाऊन येते' म्हणून निघायच्या, पदराआड काहीतरी धरून, आणि खरकट्या भांड्यांचा ढीग लतिकाच्या गळ्यात. एक दिवस, नेमके इंदू आणि शरद दोघंही आलेले असताना, त्या परत आल्या आणि आधी झाडापाशी जाऊन त्याची पानं पुसत बसल्या. तेव्हा लतिकाच्या तोंडून गेलं होतं, झाडाला विचारता तसं कधी मलाही विचारा, जेवलीस का म्हणून. आनंदीबाई काही बोलल्या नाहीत. पाच आठवड्यांनी त्या गेल्या. बोलून गेलेला शब्द आणि गेलेलं माणूस, दोन्ही परत आणता येत नाहीत.

आता शब्द एकीकडे आणि सुकलेलं झाड दुसरीकडे, मध्ये हळद घातलेली राख. एवढ्यावर गल्लीत कुणीही निकाल दिला असता.

दुपारी अण्णांनी तो दिलाच, फक्त निकालासारखा नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते पाटावर ताठ बसत. आपोशन घेऊन झाल्यावर, पहिला घास घ्यायच्या आधी, त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की उद्या श्राद्ध झालं की परवा सकाळी ते इंदूबरोबर रामनगरला जाणार. कायमचे. इथं तिची एवढी एक खूण होती, तीही टिकली नाही. मग मी इथं कशासाठी बसू, म्हणाले.

वाढता वाढता लतिकाचा हात थांबला आणि भात जिथे पडायचा नव्हता तिथे पडला. बारा वर्षं ती या माणसाला पहाटेचा चहा देत होती. त्यांच्या पथ्याचं, काठीचं, पोथीच्या बांधणीचं, सगळं तिनं पाहिलं होतं. ते गेले तर घाटावरच्या सगळ्या मराठी घरांत एकच गोष्ट सांगितली जाईल, की सुनेला सासरा सांभाळता आला नाही. पण खरं सांगायचं तर तिला लोकांपेक्षा पहाटेच्या त्या चहाचं जास्त वाटलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून ते चहा प्यायचे आणि न विचारता दिवसाची तिथी सांगायचे. या घरात तिच्याशी आपणहून बोलणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

शरद म्हणाला, अण्णांचं बरोबर आहे. नीलकंठ पाठशाळेत मुलांना रुद्र शिकवत असे आणि त्या मुलांना त्याचा धाक वाटे. घरात मात्र बाप समोर असला की त्याचा स्वर कापसात गुंडाळल्यासारखा व्हायचा. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि ताटच बरं असं ठरवलं.

एकटी इंदू झाडाकडे बघत होती. ती रामनगरच्या मुलींच्या शाळेत वनस्पतीशास्त्र शिकवायची आणि तिला लहानपणापासून एक खोड होती: माणसं भांडायला लागली की ती ज्यावरून भांडण चाललंय ती वस्तू उचलून बघायची.

"अण्णा, जाऊ आपण," ती म्हणाली, "पण आधी मला गमला उलटा करून बघू दे."

हात आचवून झाल्यावर सज्ज्यात जुनी वर्तमानपत्रं पसरली गेली. नीलकंठनं आणि शरदनं मिळून कुंडी आडवी केली, इंदूनं बुडावर थापट्या मारल्या, आणि मातीचा अख्खा गोळा कागदावर सरकला. इंदूनं आधी वास घेतला. मग लतिकाला बोलावलं आणि तिलाही घ्यायला लावला.

"कशाचा येतो वहिनी?"

"दह्याचा," लतिका चकित होऊन म्हणाली. "आंबलेल्या."

शरदनंही नाक लावलं आणि मागे सरला. "ये तो पूरा सड गया है," तो म्हणाला. मुळं बोटानं दाबली की चिखलासारखी निसटत होती. पण इंदूचं मन आता मुळांत नव्हतं. तिला मुलींच्या प्रयोगशाळेत शिरल्यासारखा चेव आला होता. केसांतला आकडा काढून ती माती उकरू लागली आणि सापडेल ते कागदाच्या एका कोपऱ्यात मांडू लागली. फुगून पांढरे झालेले तांदळाचे दाणे. बेलाच्या पानांचे देठ, एक दोन नव्हे, मूठभर. तुळशीच्या मंजिऱ्या. चंदनाचा खडबडीत थर. आणि या सगळ्यावर एक तेलकट साय, ती कशाची ते तिला कळेना.

एव्हाना अण्णा खुर्चीतून उठून वाकून बघू लागले होते. सगळेच बघत होते. क्षणभर कुणी कुणावर रागावलेलं नव्हतं, इतकं ते नवल होतं. हे सगळं देवाच्या ताम्हनातलं, आणि ते झाडाच्या मुळाशी कसं गेलं?

बेलाचे देठ पाहिल्यावर नीलकंठचे कान लाल झाले. त्याला वाटलं, गप्प बसावं. देठांवर काही नाव लिहिलेलं नसतं. पण अख्ख्या घरात शंकराला अभिषेक करणारा तो एकटा, त्यामुळे लिहिलेलं नसलं तरी वाचता येत होतं. मान खाली घालून त्यानं सांगितलं की आई गेल्यानंतर चौदाव्या दिवशी त्यानं पूजा केली, आणि अभिषेकाचं पाणी, दूध दही मध साखरेसकट, नेहमीसारखं तांब्यात भरून देवघराच्या दाराशी ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर तांब्या तिथेच. तीर्थ मोरीत ओतायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, हे तर तो दुसऱ्यांच्या मुलांना शिकवतो. मग त्यानं ते आईच्या झाडाला घातलं. तेव्हापासून रोज, पाठशाळेत जायच्या आधी, साडेआठला.

"रोज," इंदू म्हणाली. "आणि सोमवारी?"

सोमवारी एकादष्णी असते, रुद्राची अकरा आवर्तनं, नीलकंठ म्हणाला. सोमवारी दोन तांबे.

शरदला हसू फुटणार होतं, पण त्याचं लक्ष अण्णांकडे गेलं. अण्णा मंजिऱ्यांकडे बघत होते. शाळिग्रामाला तुळस तेच वाहतात, हे घरात कुणाला सांगायची गरज नव्हती. पहाटे पाचला स्नान करून पूजा, मग पंचामृताचं स्नान, मग ते पाणी. त्यांनाही चौदाव्याच दिवशी दाराशी भरलेलं भांडं दिसलं होतं. दुसऱ्या पहाटे कुणी उठायच्या आत तेही झाडाच्या मुळाशी गेलं, आणि मग रोज.

"मला वाटायचं, मी तिला देतोय," अण्णा म्हणाले. एवढं बोलून ते पुन्हा खुर्चीत बसले आणि बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिले.

आता मुंग्यांचंही कोडं सुटलं. मध आणि साखर रोज दोनदा, मग हलवायाचं दुकान आणखी वेगळं काय असतं. शरदनं वहिनीकडे पाहिलं. त्याला खरोखरच शरम वाटली, आणि शरम वाटली की तो लगेच मदतीला धावे, ही त्याची चांगली सवय. म्हणजे वहिनीचा काही दोष नाही, त्यानं जाहीर करून टाकलं. दोन विद्वानांनी मिळून झाड बुडवलं.

लतिका उभी होती तिथून तिला तो तेलकट थर दिसत होता. इंदू पुन्हा पुन्हा बोटानं चाचपून बघत होती आणि विचारत होती, हे कशाचं असेल, दुधाची साय इतकी चिकट नसते. लतिकाला ते बोट लावायच्या आधीच कळलं होतं. ती गप्प राहिली असती तर प्रश्न तसाच विरून गेला असता. सगळं घर तिच्या बाजूचं झालं होतं, बारा वर्षांत पहिल्यांदा. अण्णांना आता ती दोषातून सुटलेली दिसत होती. या एका क्षणासाठी तिनं वर्षभर वाट पाहिली होती, आणि तो आला तेव्हा तिच्यानं तो तसाच ठेववेना.

"वन्सं, ते लोणी आहे," ती म्हणाली. "माझ्या बाळकृष्णाचं."

लग्नात माहेरहून मिळालेला बाळकृष्ण ती स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवत असे. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली की त्याला लोण्याचा नैवेद्य, मग कोमट पाण्यानं स्नान. ते पाणीही सासूबाईच घेऊन जायच्या. त्या गेल्यावर तिनंही तेच केलं, जे सासऱ्यानं पहाटे आणि नवऱ्यानं साडेआठला केलं होतं. माती ओली असते म्हणून ती पाणी घालत नव्हती, हे खरं. पण तीर्थ म्हणजे पाणी, असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिघांपैकी कुणालाच ते पाणी वाटलं नव्हतं. झाडाला मात्र ते पाणीच वाटलं.

मग शरदनं विचारलं, जो प्रश्न सगळ्यांच्याच मनात आला होता पण वर्षभर कुणाला सुचला नव्हता: मग आई त्याचं काय करायची? इतकी वर्षं तिन्ही भांडी रिकामी होत होती, ती कुठं? मोरीत तर नक्कीच नाही, अण्णा म्हणाले. तुळशीत घालत असेल म्हणावं, तर माकडांमुळे या घरात तुळस कधी महिनाभर टिकली नाही. नीलकंठला वाटलं होतं की भांडं ठेवलं की ते रिकामं होतं. कसं होतं हे कधी पाहायची वेळच आली नाही. हे सांगताना त्याचा आवाज पुन्हा कापसात गेला.

इंदूला वेगळी घाई होती. सड बुंध्यातून वर चढत होती. वरचा दांडा अजून घट्ट लागत होता, तो आजच कापला तर त्याचे तुकडे वाळूत आडवे घालून प्रत्येकातून नवं झाड येऊ शकतं. दोन दिवस थांबलं तर काही उरणार नाही. नीलकंठनं हरकत घेतली की उद्या श्राद्ध, आज तिच्या झाडाला पातं लावायचं का. इंदू अण्णांकडे बघत राहिली.

अण्णांनी लतिकाला विळी मागितली. आयुष्यात कधी भेंडी चिरली नव्हती त्या माणसानं, पण दांडा दोन्ही हातांत धरून त्यांनी विळीवर घातला. पहिला काप आतून काळा निघाला. त्याच्यावर चार बोटं, तो तपकिरी. आणखी चार बोटं. सगळे मान पुढे करून बघत होते. चौथा काप मुळ्याच्या चकतीसारखा पांढरा निघाला आणि शरदनं मोठ्यानं सुस्कारा सोडला. इंदूनं वरच्या दांड्याचे वीत वीत लांबीचे पाच तुकडे केले. शेंडा, चार निरोगी पानांचा, तसाच ठेवला. सगळं ओल्या पंच्यात गुंडाळलं. घाटावरची माती नको, तिच्यात गाळ फार, लागते ती पलीकडच्या काठाची स्वच्छ वाळू, असं ती म्हणाली.

हात धुता धुता तिची नजर शरदच्या हिरव्या झाडावर गेली. हे ठेवतोस कुठं, तिनं विचारलं. आत, कपाटाच्या शेजारी, शरद म्हणाला, बाहेर ठेवलं तर क्वार्टरातल्या बकऱ्या सोडणार नाहीत. यंदा आणायचं म्हणून महिनाभर आधी काढलं, पानं धुतली, मग गच्चीवर ठेवलं होतं. इंदूनं मधली पानं बाजूला सारली आणि त्याला वाकून बघायला लावलं. अगदी आत, पुंगळीसारखं गुंडाळलेलं नवं पान अर्धवट उलगडत होतं. त्याची कड गुलाबी होती.

"ऊन नव्हतं रे त्याला," इंदू म्हणाली. "झाड तेच आहे."

शरद त्या कडेवरून बोट फिरवत बसला. सहा वर्षं तो आईवर रुसला होता, आणि आई कपाटाच्या सावलीत उभी होती. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

पण अण्णांचं जाणं टळलं नाही. उलट ते पक्कं झालं. रात्रीचं दूध घेताना त्यांनी लतिकाला शांतपणे सांगितलं की तिच्यावर त्यांचा आता काही रोष नाही. पण ज्या हातानं रोज पहाटे बायकोचं झाड बुडवलं तो हात घेऊन त्याच सज्ज्यात बसवणार नाही. दुपारी ते तिच्यामुळे जाणार होते, आता स्वतःमुळे. लतिकाला पहिलं बरं होतं असं वाटलं, कारण त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

श्राद्ध झालं. ब्राह्मण जेवले, पिंड गंगेत गेले, शरद संध्याकाळच्या गाडीनं परतला. तिसऱ्या दिवशी सकाळी लतिकानं सासऱ्यांची पिशवी भरली: दोन धोतरं, सदरा, पोथी, औषधाची बाटली. मग तिनं घरातली तिन्ही तीर्थं सासूबाईंच्या पितळी कळशीत एकत्र केली. वर्षभर ती कळशी फळीवर पालथी पडून होती. आता ते पाणी घालायला झाड नव्हतं, आणि तिला दुसरं काही सुचलं नाही. गंगेपर्यंत जायचंच होतं.

पायऱ्या उतरताना पुढे इंदू, मध्ये काठी टेकत अण्णा, आणि मागे एका हातात पिशवी, एका हातात कळशी घेऊन लतिका. पाण्याजवळच्या छत्रीखाली विश्वेश्वर घाटिया बसला होता. यात्रेकरूंना गंध लावून, त्यांचे कपडे राखून त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं आधी माणसांकडे पाहिलं नाही, कळशीकडे पाहिलं.

"ई त अम्मा के कलसी हौ," तो म्हणाला आणि सरकून त्यानं खालच्या पायरीवर जागा करून दिली. अम्मा इथंच बसायच्या, म्हणाला. रोज दुपारी, उन्हातान्हात, कळशी रिकामी करायच्या, घटकाभर दम खायच्या आणि वर जायच्या.

अण्णा थांबले. इंदूनं मागे वळून पाहिलं. पुराणाला नाही का जायच्या, लतिकानं विचारलं. बारा वर्षांत ती बनारसी बोली चांगली शिकली होती. घाटिया हसला. कसलं पुराण. ते घरच्यांना सांगायला. त्यांनीच मला बजावून ठेवलं होतं, म्हणाला, आणि मग त्यांच्याच शब्दांत सांगितलं:

"बहुरिया के मत बतइहा. दिन भर खटत हौ, जान जाई त इहो ढोवे लगी."

सुनेला सांगू नकोस. दिवसभर राबते, कळलं तर हेही वाहायला लागेल.

लतिका खाली बसली. कळशी तिच्या मांडीवर होती आणि ती किती जड आहे ते तिला आत्ता कळत होतं. एवढं ओझं घेऊन साठी उलटलेली बाई रोज या पायऱ्या उतरत होती, आणि वर लतिका भांडी घासता घासता मनात म्हणत होती, हिंडायला गेली. एक शब्द तरी बोलायच्या होत्या. त्या दिवशी तिनं 'जेवलीस का'वरून तोडलं, तेव्हा तरी बोलायच्या. ती तोंडावर पदर घेऊन रडली, घाटियासमोर, नावाड्यासमोर, सासऱ्यांसमोर.

अण्णांनी तिला रडू दिलं. मग वाकून तिच्या मांडीवरची कळशी घेतली, पायरीवर उतरले आणि तिन्ही देवांचं पाणी हळूहळू गंगेत सोडलं. रिकामी कळशी त्यांनी तीनदा विसळली, पण लतिकाला परत दिली नाही. होडी लागली होती. इंदू चढली, तिनं बापाला हात दिला, आणि अण्णा कळशी घेऊन चढले. पिशवी लतिकाच्या पायाशीच राहिली होती. ती उचलून पुढे करायला लागली तेव्हा त्यांनी मान हलवली.

"ती वर ने," ते म्हणाले. "मी वाळू घेऊन येतो. शेंडा तुझ्या कुंडीत लावायचाय."

नावाड्यानं बांबू टेकला. होडी हातभर सुटली तेव्हा त्यांना आणखी काहीतरी आठवलं आणि ते मागे वळले.

"दुपार होईल मला. तू थांबू नकोस. जेवून घे."

लतिका पिशवी घेऊन वर आली. धोतरं पुन्हा खुंटीवर टाकली, पोथी चौरंगावर ठेवली. नीलकंठ पाठशाळेतून यायचा होता. तिनं पाट मांडला, स्वतःसाठी ताट वाढलं आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा पुरुषांच्या आधी जेवायला बसली.